हमी कामाची, मजुरी कशाची?

सरकारी कामावरची मजुरी मुद्दाम कमी ठेवावी, म्हणजे खरा गरजूच तिथे येईल, हा युक्तिवाद आपल्याकडे फार जुना आहे. १८७७ च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोहूनही कमी, आणि वर किरकोळ पैसे ठरवले. एवढ्या शिध्यावर अंगमेहनत करणारा माणूस तगणार नाही, हे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश सांगत राहिले. दख्खनमधल्या मजुरांनी तर कमी केलेल्या मजुरीवर कामाला जायचेच नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. तेव्हा वाद दयेचा नव्हता. राबणाऱ्या माणसाला त्याच्या कष्टाचे मोल मिळावे की जेमतेम जीव तगेल एवढेच मिळावे, असा तो वाद होता, आणि महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत तोच पुन्हा उभा राहिला.

या योजनेचे जनक वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला पहिला प्रयोग करवला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फुटत होती, पाझर तलाव खोदले जात होते, सुकडी वाटली जात होती. त्या अनुभवातून १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा मजुराचा हक्क ठरला. पण पाग्यांचे दुसरे काम फारसे कोणी आठवत नाही. शेतमजुरांच्या किमान वेतनाचा अभ्यास करणाऱ्या राज्य समितीचे अध्यक्षही तेच होते, आणि तिचा अहवाल ऐन दुष्काळात, १९७३ मध्ये आला. कामाची हमी आणि मजुरीची किमान पातळी एकाच माणसाच्या विचारात होती, हा मला योगायोग वाटत नाही. मजुरी ठरलेली नसेल तर हमीला अर्थ उरत नाही.

ही सांगड घातली गेली ती मोजमापात. योजनेत मजुरी रोजंदारीने नव्हे, कामाच्या मापाने मिळे. मजुरांची टोळी खड्डा खोदी. त्याची लांबी, रुंदी, खोली फुटपट्टीने मोजली जाई. मऊ माती, मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे. सात तास नेटाने राबणाऱ्या साधारण माणसाला शेतीतल्या किमान वेतनाएवढी कमाई व्हावी, असे ते दर बांधलेले असत. एकाच मापाला बाई आणि पुरुष असा भेद नव्हता. शेतात बाईला कमी मजुरी देण्याचा रिवाज असलेल्या गावांतून कामावर येणाऱ्यांत जवळपास निम्म्या बाया असत, यामागे हे कारण नक्कीच आहे. मात्र मुरुमाची नोंद मातीत झाली, की घाम तेवढाच गाळून हाती येणारी मजुरी उतरे.

खरी कसोटी १९८८ मध्ये लागली. राज्याने शेतीतले किमान वेतन जवळपास दुप्पट केले आणि हमीचे दरही त्याबरोबर वर गेले. त्यानंतर कामाचे दिवस झपाट्याने घटले. किमान वेतन वाढले की रोजगार बुडतो, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो मला चुकीचा वाटतो. खाजगी मालक महाग मजूर टाळतो, पण इथे मालक म्हणजे मागेल त्याला काम द्यायला कायद्याने बांधलेले सरकार होते. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी या बदलाचा बारकाईने अभ्यास केला, आणि मागणी असतानाही काम हातचे राखून दिले गेले, हे त्यातून पुढे आले. बरे, पैसा नव्हता असेही नाही. १९७५ पासून पगारदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर याच योजनेसाठी होता आणि तेवढीच भर राज्याने घालायची होती. नंतरच्या काळात तर हमीच्या निधीत न खर्चलेली रक्कम साठत गेली. नोकरदार माणूस कर भरत होता, काम मागणाऱ्याला काम मिळत नव्हते.

शेतकऱ्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे: सरकार चांगली मजुरी देईल तर पेरणी-काढणीला माणूस कुठून आणायचा? पण कामांवरची गर्दी दरवर्षी उन्हाळ्यात चढे आणि शेतीच्या हंगामात ओसरे. शिवाय कामावर येणाऱ्यांत कोरडवाहू तुकडा असलेले शेतकरीही होते. मजूर आणि शेतकरी हे भेद कागदावर वाटतात तेवढे गावात स्वच्छ नसतात. आणि गरजूंची निवड करायला मजुरी कमी कशाला हवी? मे महिन्याच्या उन्हात खडी फोडायला कोणी हौसेने जात नाही.

न्यायालयाने याचा निकाल १९८३ मध्येच दिला होता. राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही वेठबिगारी आहे, मग काम दुष्काळ निवारणाचे का असेना. तरीही महाराष्ट्राचाच कित्ता गिरवणाऱ्या २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कलम ६ आले. किमान वेतन कायद्यात काहीही असले तरी केंद्राला मजुरीचा वेगळा दर ठरवता येईल, अशी ती मुभा होती, आणि २००९ मध्ये तिचा वापर करून दर १०० रुपयांवर बांधला गेला. पाग्यांनी जोडलेले दोन धागे त्या कलमाने कायद्यानेच सोडवले.