वॉशिंग्टनची कवळी
कवळी बसवली की दातांची कटकट संपली, असा माझा समज. वर्षभरात हिरड्या झिजल्या, कवळी सैल झाली आणि भाकरीच्या घासाबरोबर तीही तोंडभर फिरू लागली. घासून घ्यायला डॉक्टरकडे चौथी खेप झाली, तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन आठवला.

१७८९ साली अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला तेव्हा या गृहस्थाच्या तोंडात स्वतःचा एकच दात होता. बाकी सगळी कवळी! तीही लाकडाची नव्हे (ती लोणकढी थाप), पाणघोड्याच्या आणि माणसांच्या दातांची. वर स्प्रिंगा, त्यामुळे तोंड मिटायलाच जोर लागायचा. १७८४च्या हिशेबात गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. ते कुणाच्या तोंडात बसले, हे लिहिलेले नाही. वाचताना माझा घास अडकला.

दुरुस्तीला कवळी दंतवैद्य ग्रीनवुडकडे जाई. सोबत तक्रार, ओठ पुढे येतात म्हणून. १७९८ साली ग्रीनवुडनेच उलट सुनावले: पोर्ट वाइनने कवळी काळी पडलीय, जेवणानंतर काढून पाण्यात ठेवा, नाहीतर खडूच्या भुकटीने घासा.

परवा आमच्या डॉक्टरांनी मलाही हेच ऐकवले, चहावरून. खडूला मात्र सक्त मनाई केली.