शनिवार तेली: छळ झाला नाही, म्हणजे समता होती का?

चाकणच्या कंपन्यांमधून चहाच्या सुट्टीत वाद रंगतात. त्यात एक वाक्य आम्ही हमखास ऐकतो: "आपल्याकडे ज्यूंचा कधी छळ झाला नाही, आपला समाज मुळातच सहिष्णू." यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा तपासायचा तर रायगड जिल्ह्यातल्या चौलला जावं लागेल.

चौल हे प्राचीन बंदर. टॉलेमीने दुसऱ्या शतकात त्याला सिमिल्ला म्हटलं, अरबांनी सैमूर. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत त्याचं नाव चेमुल असं येतं. चौलच्या आसपासच्या याच किनाऱ्यावर बेने इस्राएल समाज रुजला. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. चेऊलकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं पाहा. गावं इथली, भाषा मराठी.

हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी शब्बाथ, म्हणून घाणा बंद. गावाने त्यांना हाकललं नाही, हे मान्य. पण गावाने त्यांना माणूस म्हणून ओळखलं की जात म्हणून? नाव पडलं 'शनिवार तेली'. धर्म वेगळा असला तरी चालेल, पण जातीच्या उतरंडीत तुमची पायरी ठरलेली हवी!

पुढचं अधिक बोचणारं आहे. या छोट्या समाजातच 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन गट पडले. आई इस्राएल नसलेल्यांची संतती ती काळी. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. हे कुठून शिकले? बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात सांगितलं होतं की जातीच्या आतच लग्न हे जातीचं मूळ आहे आणि जात अनुकरणाने पसरते. चौलचा किनारा त्याचा पुरावा आहे.

काळाने हीच कसोटी त्यांच्यावर उलटवली. हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला, तेव्हा तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी मागितली. तुम्ही शुद्ध ज्यू कशावरून? बेने इस्राएल गप्प बसले नाहीत. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि 1964 साली तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानणारा ठराव केला. हक्क कुणाच्या सहिष्णुतेने नाही, लढून मिळाला.

म्हणून सहिष्णुतेचा दाखला देणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. आज पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याची खोली बघायला गेलेल्या कामगाराला आधी आडनाव का विचारतात? त्यालाही कुणी मारत नाही, फक्त "खोली कालच गेली" असं सांगतात. इथून जवळच देहूरोडला बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्यांना सहन करणारा समाज नको होता, बरोबरीने वागवणारा हवा होता. या दोन्हींत फरक आहे, आणि तो चौलच्या शनिवार तेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे.