दोन डाग

लहानपणी तांब्याला डाग पडला की आजी चिंचेने घासायची आणि तांब्या गळू लागला की डाग द्यायला पाठवायची. एक डाग फुकट पडतो, दुसऱ्याला पैसे पडतात! रंगीत काचांचा दिवा जोडायला शिकताना मी दोन्ही एकाच टेबलावर पाडले.

काचेच्या कडेला तांब्याची पट्टी गुंडाळायची, वर कथील-शिशाचा डाख ओढायचा. ओळ गोल, गुळगुळीत यावी. माझी जिलबी झाली. दोष डाखाचा (असे मी म्हणतो). निम्मेनिम्मे मिश्रण बराच वेळ चिखलासारखे राहते. 60 भाग कथील, 40 भाग शिसे असले की चटकन थिजते.

न्यूयॉर्कला टिफनीच्या कारखान्यात काचा निवडायच्या, कापायच्या, पट्ट्या गुंडाळायच्या बायका. डाग द्यायचे पुरुष. आणि नाव मालकाचे! सुमारे 2000 तुकड्यांचा तो विस्टेरियाच्या फुलांचा दिवा मुळात क्लारा ड्रिस्कॉलबाईंचा, हे त्यांच्या पत्रांवरून 2005 साली उमगले. बाई वारल्या 1944 साली.

माझ्या दिव्यावर मी नाव घातलेले नाही. पाहुण्यांनी "कोणी केला हो?" विचारले की आमची ही घाईघाईने म्हणते, "मिळाला कुठेतरी."