न्यूक्लिओ-६४ : जंपर व वीजपुरवठा

एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरची पारख करण्यासाठीचा बोर्ड. त्यावरील पिनांवर बसवायची छोटी टोपी म्हणजे जंपर. आतली धातूची पट्टी शेजारच्या दोन पिना जोडते. एमबी११३६ या आवृत्तीत वीज कोठून घ्यायची हे जेपी५ हा जंपर ठरवतो : पिना १-२ जोडल्यास यूएसबीतून, २-३ जोडल्यास बाहेरून. बाहेरचा पुरवठा ‘ई५व्ही’ पिनेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट किंवा ‘व्हीआयएन’वर ७ ते १२ व्होल्ट असावा. व्हीआयएनचा दाब वाढवल्याने अधिक प्रवाह मिळत नाही, उलट मर्यादा घटते : ७ व्होल्टला ८०० मिलिअँपिअर, तर ९ व्होल्टच्या पुढे २५०. जादा दाब रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन जातो.

बाहेरची वीज वापरताना क्रम काटेकोर पाळावा. आधी जेपी५ २-३ वर न्यावा, जेपी१ काढलेला आहे हे पाहावे, मग पुरवठा सुरू करावा; एलडी३ दिवा लागल्यावरच यूएसबी केबल संगणकाला जोडावी. क्रम उलटल्यास बोर्ड आधी संगणकाकडून वीज ओढतो आणि मागणी ३०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असल्यास संगणकाला इजा पोहोचू शकते.

सीएन२ वरील दोन्ही जंपर काढले, की बोर्डावरचा एसटी-लिंक हा प्रोग्रॅमर दुसऱ्या बोर्डावरील चिप प्रोग्रॅम करण्यास मोकळा होतो. बॅटरीवरील उपकरणे बनवणाऱ्यांना मात्र जेपी६ सर्वांत मोलाचा : तो काढून त्या जागी अँमीटर जोडल्यास मायक्रोकंट्रोलर स्वतः किती प्रवाह घेतो, ते थेट मोजता येते. जेपी६ रिकामा आणि अँमीटरही नाही, अशा स्थितीत मायक्रोकंट्रोलरला वीजच मिळत नाही.