गॉर्डन हॉल आणि मुंबई : एका तरुण मिशनऱ्याचे नव्या मुलखात रुळणे (१८१३–१८२६)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात ख्रिस्ती मिशनऱ्यांचा उल्लेख बहुधा दोन प्रकारे येतो. शिक्षण, मुद्रण व गद्यलेखन यांचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा गौरव होतो, किंवा धर्मांतराच्या हेतूने आलेले परके लोक म्हणून त्यांची चिकित्सा होते. या दोन्ही मांडण्यांमध्ये मिशनरी जणू तयार स्थितीत येथे अवतरतो. त्याला आधी भाषा येत नव्हती, राहण्याची परवानगी नव्हती, या हवेत आपण किती वर्षे जगू याची खात्री नव्हती, हा भाग दोन ओळींत उरकला जातो. वस्तुतः पुढील कार्याचे स्वरूप याच प्रारंभीच्या वर्षांत ठरले. प्रस्तुत निबंधात अमेरिकन मराठी मिशनचे एक संस्थापक गॉर्डन हॉल यांच्या मुंबईतील वास्तव्याचा या दृष्टीने विचार केला आहे. मुंबई हे हॉल यांनी निवडलेले क्षेत्र नव्हते. तेथे राहण्याचा अधिकार मिळण्यापूर्वीच त्यांनी मराठीचा अभ्यास आरंभला होता आणि या एका गोष्टीने पुढील बऱ्याच गोष्टींना दिशा दिली, असे दिसून येते.

न निवडलेले क्षेत्र

गॉर्डन हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टॉलंड या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. १८०८ मध्ये विल्यम्स कॉलेजमधून पदवी घेतल्यावर त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. कनेक्टिकटमधील वुडबरी येथील मंडळी त्यांना आपला धर्मगुरू म्हणून नेमावयास तयार होती. स्थिर उत्पन्न व प्रतिष्ठा देणारे हे पद त्यांनी नाकारले. १८१० मध्ये परदेशी कार्यासाठी ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था स्थापन झाली होती. तिच्या वतीने ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे ज्या पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली, त्यांत ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट व ल्यूथर राइस यांच्यासह हॉल होते. त्याआधीच्या हिवाळ्यात हॉल व न्यूएल यांनी फिलाडेल्फियात काही काळ वैद्यकाचे शिक्षणही घेतले होते. ही गोष्ट वरकरणी किरकोळ वाटते, परंतु हॉल यांच्या चरित्राच्या शेवटी तिला वेगळेच महत्त्व आले.

दीक्षेनंतर त्याच महिन्यात ही मंडळी दोन जहाजांनी निघाली. हॉल, नॉट पतिपत्नी व राइस हे ‘हार्मनी’ जहाजाने ऑगस्ट १८१२ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथे त्यांचे स्वागत परत जाण्याच्या आदेशाने झाले. वेल्लोरच्या १८०६ मधील शिपायांच्या उठावानंतर धार्मिक हस्तक्षेपाच्या नुसत्या संशयानेही ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी सावध होत. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. आता हे तरुण मिशनरी तर होतेच, शिवाय शत्रुराष्ट्राचे नागरिकही होते.

पुढील काही महिन्यांत हा गट विखुरला. जडसन व राइस यांनी बाप्तिस्त मत स्वीकारले. पुढे जडसन रंगूनला गेले व राइस अमेरिकेस परतले. न्यूएल पतिपत्नी मॉरिशसकडे निघाली. तेथे ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट न्यूएल यांचे वयाच्या १९ व्या वर्षी निधन झाले. हॉल व नॉट यांना मुंबईस जाणारे जहाज मिळाले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईस उतरले. हॉल तेव्हा २८ वर्षांचे होते. मुंबईची निवड त्यामागे होती असे म्हणता येत नाही. एका बंदरातून हाकलले गेलेल्यांना दुसरे बंदर मिळाले, इतकेच.

परवानगीविना वर्ष

कलकत्ता सरकारचा या दोघांना इंग्लंडला पाठवावे असा आदेश त्यांच्या मागोमाग मुंबईत आला. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे मात्र बायबल सोसायटीशी संबंध असलेले, धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते. (मुंबईच्या नेपियन सी रोडमुळे हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे, या प्रसंगातील त्यांची भूमिका मात्र फारशी कोणास ठाऊक नाही.) त्यांनी सौजन्याने वागून कालहरण केले, पण वरिष्ठ सरकारचा आदेश ते कायमचा टाळू शकत नव्हते.

१८१३ हे सबंध वर्ष अशा टांगत्या स्थितीत गेले. आज जाणार की उद्या जाणार, हे ठाऊक नसलेला माणूस एखाद्या गावाशी नाते जोडण्यास सहसा धजत नाही. हॉल व नॉट यांनी याच काळात मराठीच्या अभ्यासास प्रारंभ केला. व्यवहारी दृष्टीने पाहता हा अविवेक होता. इंग्लंडला किंवा सिलोनला जावे लागले असते, तर या भाषेचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता. परंतु भाषाभ्यास ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नव्हती.

या वर्षातील एक प्रसंग गौरवपर चरित्रांमध्ये अडचणीचा ठरावा असा आहे. हद्दपारी अटळ दिसू लागताच हॉल व नॉट एका देशी गलबताने गुपचूप कोचीनला गेले. तेथून सिलोन गाठण्याचा त्यांचा विचार होता. कोचीन येथे त्यांना अडविण्यात आले व मुंबईस परत आणले गेले. ज्या गव्हर्नराने सौजन्य दाखविले, त्यालाच या पलायनामुळे त्यांनी पेचात टाकले होते. हॉल यांनी आपल्या कृतीचे समर्थन केले, पण त्यात प्रामाणिक विश्वासाबरोबर तरुण वयातील उतावीळपणाही होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

डिसेंबर १८१३ मध्ये इंग्लंडला रवाना होण्याचा दिवस जवळ आला असता त्यांनी नेपियन यांस लिहिलेले निवेदन प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी कायद्याचा आधार फारसा घेतला नाही. गव्हर्नराच्या ख्रिस्ती सदसद्विवेकाला आवाहन केले आणि ईश्वरासमोर द्यावयाच्या जबाबाचे स्मरण करून दिले. नेपियन यांनी त्यांची रवानगी थांबवून पुढील सूचनांची वाट पाहण्याचे ठरविले. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांच्या प्रवेशाची वाट मोकळी केली होती, लंडनमध्ये कंपनीचे संचालक चार्ल्स ग्रँट यांचे वजन त्यांच्या बाजूस पडले आणि अखेर राहण्यास मुभा मिळाली. १८१४ च्या आरंभी विधुर न्यूएल सिलोनहून येऊन त्यांना मिळाले.

गोव्यातील परिस्थितीशी येथे सहज तुलना सुचते. १५७९ मध्ये गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मागे पोर्तुगीज राजसत्ता उभी होती. हॉल यांना मराठी शिकावी लागली ती राज्यकर्त्यांच्या संशयाच्या छायेत. सर्वच मिशनरी सत्तेच्या आश्रयाने आले, हे सरसकट विधान मुंबईच्या १८१३ च्या अनुभवाला लागू पडत नाही. अर्थात, परवानगी मिळाल्यावर त्यांना कंपनीच्या राज्यव्यवस्थेचा लाभ झाला, हेही तितकेच खरे.

भाषेत रुळणे

त्या काळी परकीयाला मराठी शिकण्यासाठी साधने अत्यल्प होती. श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मोडी लिपीतील मराठी शब्द देणारा कोश प्रसिद्ध केला होता. १८०८ मध्ये रॉबर्ट ड्रमंड यांचे गुजराती व मराठी व्याकरणविषयक पुस्तक मुंबईत निघाले होते. मोल्सवर्थ यांचा कोश यावयास १८३१ साल उजाडावे लागले. म्हणजे हॉल यांच्यासमोर प्रत्यक्षात होते ते पंडित आणि रस्त्यावरचा माणूस. पंडिताची भाषा संस्कृताकडे झुकणारी, तर बाजारातील भाषा कोकणी वळणाची, गुजराती व हिंदुस्थानी शब्दांनी भरलेली. बंगालमध्ये तयार झालेले मराठी भाषांतर मुंबईच्या श्रोत्यांपर्यंत नीट पोहोचत नव्हते. त्यामुळे नवे भाषांतर करणे ही त्यांची निकड होऊन बसली.

शब्द पाठ करणे हा या अडचणीचा लहानसा भाग होय. ‘पाप’ हा शब्द मराठीत होताच, पण तो ऐकणाऱ्याच्या मनात कर्मविपाक व प्रायश्चित्त यांसह उभा राही. ‘अवतार’ म्हणावे तर श्रोता दशावतारांत आणखी एकाची भर घालून शांतपणे मान डोलावणार. हॉल यांना विरोधापेक्षा अशी सौम्य संमतीच अधिक अवघड गेली असावी. त्यांची वृत्ती वादाची होती. देवळांच्या आवारात, बाजारात, जत्रेच्या गर्दीत जाऊन ते बोलत व मूर्तिपूजेवर कठोर टीका करीत. ते येथील भाषेत रुळले, येथील श्रद्धाविश्वाबद्दल मात्र त्यांना अखेरपर्यंत आपुलकी वाटली नाही. त्यांची तीव्र भाषा आजच्या वाचकास खटकते आणि ती खटकावी हे योग्यच आहे.

लोकांनी या परकीयांना कसे पाहिले, याचे एक उत्तर शाळांमध्ये मिळते. १८१५ पासून मिशनने मुंबईत शाळा काढल्या. १८२४ मध्ये मुलींसाठी शाळा सुरू झाली. शिकविणारे पुष्कळसे हिंदू पंतोजीच होते. बेने इस्राएल समाजाची मुलेही या शाळांत येत. मिशनऱ्यांना धर्मवचने मुलांच्या कानी पडावयास हवी होती, तर पालकांना लेखन, वाचन व हिशेब हवे होते. दोन्ही पक्षांना परस्परांचा हेतू कळत होता आणि तरीही शाळा भरत होत्या. धर्मांतराची संख्या या वर्षांत नगण्य राहिली. तेव्हा लोकांनी मिशनमधून आपल्याला हवे तेवढे उचलले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरते.

१८१६ च्या अखेरीस मुद्रणकलेची माहिती असलेले होरेशिओ बार्डवेल आले आणि १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. या छापखान्याचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला गेलेला असल्याने येथे त्याचा विस्तार करीत नाही.

माणसांची गळती

नव्या मुलखात रुळण्याची खरी किंमत या गटाने मनुष्यबळाच्या रूपाने मोजली. प्रकृती ढासळल्यामुळे नॉट १८१५ मध्ये परतले. न्यूएल ३० मे १८२१ रोजी पटकीने गेले. १८१८ मध्ये आलेले जॉन निकोल्स १८२४ मध्ये ठाणे येथील कार्यकाळात निधन पावले, तर १८२४ मध्ये आलेल्या एडमंड फ्रॉस्ट यांना पुरते एक-दीड वर्षही लाभले नाही. १८१८ मध्ये हॉल व न्यूएल यांनी लिहिलेल्या पुस्तिकेत जगातील साठ कोटी लोकांसाठी, वीस हजारांमागे एक या हिशेबाने, तीस हजार मिशनरी लागतील असे गणित मांडले होते. मुंबईत तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे होती. या गणितातील भाबडेपणा उघड आहे. मात्र आपले सहकारी एकेक करून गळताना पाहणाऱ्यांनी ते केले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा स्वर निराळा ऐकू येतो.

हॉल यांनी डिसेंबर १८१६ मध्ये मार्गारेट लुइस या मुंबईतील इंग्रज स्त्रीशी विवाह केला होता. मुलांची प्रकृती या हवेत टिकेना. १८२५ मध्ये मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. थोरला मुलगा समुद्रावरच वारला. स्वतः हॉल यांनीही जावे, असे म्हणण्यास पुरेसे कारण होते. पण मराठी उत्तम येणारा माणूस मिशनमध्ये त्यांच्याइतका दुसरा नव्हता व नव्या कराराचे भाषांतर पूर्णत्वास येत होते. ते मागे राहिले. बारा वर्षांपूर्वी ज्या शहरातून त्यांना काढून देण्याचे घाटत होते, तेथून आता त्यांचाच पाय निघत नव्हता.

पेशवाई संपल्यानंतर बेटाबाहेरचा मुलूख मिशनला खुला झाला होता. मार्च १८२६ मध्ये हॉल घाटावर दौऱ्यास निघाले व नाशिकला पोहोचले. शहरात पटकीची साथ भरात होती. फिलाडेल्फियातील एका हिवाळ्यात शिकलेले वैद्यक येथे उपयोगी पडले. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटली आणि ती जवळजवळ संपल्यावर ते परत फिरले. वाटेत दोडी दापूर या खेड्यात मुक्कामी असताना २० मार्चच्या पहाटे त्यांना पटकीनेच गाठले. थोडे औषध उरले होते, ते घेतले, परंतु गुण आला नाही. काही तासांतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. बेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास तीन आठवडेही उरले नव्हते. सोबत आलेल्या दोन ख्रिस्ती मुलांनी मोठ्या प्रयासाने जागा मिळविली आणि शवपेटीविना, त्यांच्याच कांबळ्यात गुंडाळून त्यांना तेथे पुरले.

मराठी नवा करार त्याच वर्षी, १८२६ मध्ये, मुंबईत छापून पूर्ण झाला.