नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य

नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर असलेले पाणथळ क्षेत्र आहे. १९८६ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील त्याचा समावेश जाहीर झाला. या यादीतील हे महाराष्ट्राचे पहिले स्थळ होय.

निर्मिती

हे पाणथळ निसर्गनिर्मित नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश राजवटीत, सिंचनासाठी येथे बंधारा बांधण्यात आला व त्यावरून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे काढण्यात आले. नद्यांनी वाहून आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. पाणीसाठ्याच्या दृष्टीने हे नुकसानच. परंतु त्याच गाळातून उथळ पाणी, दलदल व लहान बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि कीटक, गोगलगायी व मासे यांच्या ओढीने पक्षी आले. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे बिरुद या अर्थानेही सार्थ आहे, कारण राजस्थानातील भरतपूरचे पाणथळदेखील मानवनिर्मित बांधामुळेच आकारास आले.

पक्षिजीवन

येथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक इत्यादी पाहुणे येतात. जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, चित्रबलाक, चमचा आणि हळदी-कुंकू बदक हेही येथे आढळतात. हळदी-कुंकू बदकाचे नाव मोठे समर्पक आहे : चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके.

प्रत्येक पक्ष्याचे अन्न पाण्याच्या ठरावीक खोलीशी बांधलेले असते. थापट्या रुंद चोचीने पृष्ठभागावरील पाणी गाळतो. तलवार बदक शेपटी वर करून डोके बुडवते व तळाचे अन्न टिपते. शेकाट्या लांब तांबड्या पायांनी उथळ पाण्यात फिरतो, तर तुतारी काठच्या ओल्या चिखलातच चोच खुपसते. त्यामुळे पातळी वीतभर वाढली, तरी तुतारीची चराऊ जागा नाहीशी होऊ शकते.

पाण्याची पातळी व अधिवास

ही पातळी केवळ पावसावर अवलंबून नसते. गंगापूर, दारणा आदी वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवून कालव्यांत वळवले जाते. सिंचनाच्या आवर्तनानुसार ती चढते-उतरते. पाणी अकस्मात चढल्यास बेटांवर जमिनीलगत घातलेली अंडी बुडण्याचा धोका असतो. जलपर्णी फोफावली की बदकांना लागणारे मोकळे पाणी झाकले जाते. गाळाचा प्रश्न अधिक अवघड आहे : तो काढल्यास साठवण वाढते, पण चिखलाचे उथळ पट्टेही त्याबरोबर जातात, तो तसाच साचू दिल्यास उथळ पाण्याची हळूहळू जमीन होते.