रुळांआधी आलेलं इंजिन

डभोई-मियागाम रेल्वेची गोष्ट वडील पुष्कळदा सांगत. 1862 साली खंडेराव गायकवाडांनी हा अडीच फुटी रुळांचा मार्ग सुरू केला, तेव्हा डबे बैल ओढत. दुसऱ्याच वर्षी ग्लासगोच्या नील्सन कंपनीची इंजिनं बनून आली. पण रूळ हलके, त्यांना इंजिनाचा भार पेलेना. इंजिनं बाजूला राहिली आणि पुन्हा बैल जुंपले गेले. मजबूत रूळ 1873 साली टाकले, तरी इंजिनं नियमित धावायला 1880 उजाडलं. वडील बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले फिटर. गोष्ट संपली की म्हणायचे, "इंजिन आणणं सोपं रे, त्याच्या खालचं-वरचं कोण आणणार?"

1974 साली मी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेतला आणि छाणी जकात नाक्याजवळच्या आमच्या गॅरेजात उभा राहिलो. ट्रकची इंजिनं उतरवायची, खोलायची, नाहीतर दुसरी बसवायची, हा धंदा. दांडिया बाजारातली माझ्या वयाची मराठी मुलं बँकेत लागली, रिफायनरीत लागली. आई पाहुण्यांना शेवटपर्यंत "तो मोटारींचं बघतो" एवढंच सांगायची.

धंदा माझ्याहून जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं, तेव्हा बस-ट्रकना कोळशाच्या वायूच्या भट्ट्या लावल्या गेल्या. इंजिन तेच, खुराक वेगळा. वडिलांनी उमेदवारी त्या भट्ट्या साफ करून केली. स्वातंत्र्यानंतर रस्त्यावर पेट्रोलचे ट्रक होते: वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातले डॉज आणि फार्गो, शिवाय फोर्ड, शेवरलेट. मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने टाटांचा ट्रक 1954 साली निघाला, पण नवा डिझेल ट्रक घेण्याची ऐपत सगळ्या मालकांची कुठली? मद्रासच्या सिम्पसनमध्ये पर्किन्सची डिझेल इंजिनं तयार होऊ लागली होती. मग जुन्या डॉजमधलं पेट्रोल इंजिन काढायचं आणि तिथे पर्किन्सचं पी-सिक्स बसवायचं.

हे काम नुसतं चेनपुलीने उचलून ठेवण्याचं नव्हतं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीच्या पात्यांत भर घालावी लागे. फाउंडेशनची भोकं जुळत नसत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडी प्लेट घडवावी लागे, आणि ती अर्धा मिलिमीटर जरी तिरकी लागली तरी क्लच महिनाभरात गळा काढी. दाब जास्त म्हणून स्टार्टर मोठा, बॅटऱ्या जास्त. सगळ्यात गंमत ब्रेकची. पेट्रोल इंजिन श्वास घेतं तेव्हा त्याच्या नळीत पोकळी तयार होते, तिच्यावर ब्रेकचा सर्व्हो चाले. डिझेलच्या नळीत तशी पोकळी नसते, म्हणून हवा ओढणारा वेगळा एक्झॉस्टर जोडावा लागे. तो विसरला तर ट्रक चाले झकास, थांबत मात्र नसे.

म्हणजे इंजिन तेव्हाही एकटं येत नसे. पण त्याच्यासोबत जे हवं ते लेथवर, घणावर, फार तर मुंबईहून मागवून उभं करता येई. पुढे मी टाटाच्या 697 इंजिनांवर हात बसवला, लेलँडमध्ये हिनोची इंजिनं आली तीही शिकलो. 697 म्हणजे सहा सिलिंडरचं सरळ जनावर. डिझेल द्या, हवा द्या, पंपाचं टायमिंग बरोबर लावा. ते कोणत्या गाडीत बसलंय याची त्याला काडीची फिकीर नसे. पंपवाला मालकाच्या सांगण्यावरून स्क्रू अर्धा आटा जास्त पिळी. गाडी चढावर पळायची, मागे काळा लोट. संध्याकाळी रुमालाने नाक पुसलं की रुमाल काळा. त्याला आम्ही धंद्याचा रंग म्हणायचो. आज छातीचा डॉक्टर त्याला दुसरं नाव देतो.

डिझेल गाड्यांच्या धुरातल्या घटकांवर देशात पहिली बंधनं 1992 साली आली. 2000 साली युरो-वनच्या तोडीची, मग भारत स्टेज, म्हणजे बीएस-टू, बीएस-थ्री. बीएस-थ्री देशभर 2010 साली लागू झालं, बीएस-फोर 1 एप्रिल 2017 रोजी. त्या वेळी शोरूममध्ये उरलेले बीएस-थ्री ट्रक विकू द्या, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. सुप्रीम कोर्टाने 29 मार्चला ते फेटाळलं. बीएस-फाइव्ह गाळून 2020 साली थेट बीएस-सिक्स आलं.

या पायऱ्यांत आमच्या शहराचा वाटा आहे, तो मला उशिरा समजला. धूर स्वच्छ करायचा तर आधी डिझेलमधलं गंधक काढावं लागतं, नाहीतर सायलेन्सरमधला उत्प्रेरक निकामी होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दहा लाख भागांत दहा हजार भागांपर्यंत गंधक चाले. बीएस-थ्रीला 350, बीएस-फोरला 50, बीएस-सिक्सला 10. हे गंधक काढायचं काम कोयलीसारख्या रिफायनऱ्यांचं. कोयलीची आमची रिफायनरी 1965 पासून चालू आहे. आधी डिझेल सुधारलं, मग नवी इंजिनं आली. यावेळी रूळ आधी टाकले.

बीएस-फोरला कंपन्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लेलँडने जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडण्याची पद्धत धरली. टाटांच्या मोठ्या ट्रकवर युरियाची टाकी दिसू लागली. शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया. त्याचा फवारा तापलेल्या धुरावर पडतो, अमोनिया होतो आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन नि पाणी होतं. आमच्या छाणी रोडलाच जीएसएफसीचा खताचा कारखाना. एका ड्रायव्हरने शेतातली युरियाची पिशवी बादलीत विरघळवून टाकीत ओतली. त्या युरियाला 2015 पासून सक्तीने कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. फवारणीचं नोझल काढलं तेव्हा त्यावर मेणासारखा थर होता.

2022च्या पावसाळ्यात एक तरुण मालक आला. ट्रक 2018चा, युरियावाला. ऑइल कमी असताना चालवल्यामुळे क्रँक जाम. तो म्हणाला, "काका, जूनुं पंपवाळुं एंजिन नाखी आपो ने. युरियानी माथाकूट ज नहि." म्हणजे जुनं इंजिन बसवून द्या, युरियाची कटकटच नको. कुर्ल्याच्या भंगारात त्याने इंजिन पाहूनही ठेवलं होतं.

फाउंडेशन मी जुळवलं असतं. प्लेट आजही घडवतो. पण या ट्रकमध्ये ईसीएम आहे, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. अॅक्सिलरेटरच्या पेडलला तारेची ओढ नाही, नुसती वायर. ती वायर वाचणारं डोकं इंजिनावर, आणि ते डोकं युरियाची पातळी, धुरातलं नायट्रोजन ऑक्साइड आणि वेग सतत विचारत असतं. उत्तर आलं नाही की गाडीची ताकद काढून घेतं. शिवाय 1988च्या मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019मध्ये पुन्हा बजावलं. इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं, आणि नंबर आरसीवर चढवायचा. अमेरिकेतही रीत तीच: बसवलेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि धूर गाळणारी सगळी साधनं त्याच्यासोबत आली पाहिजेत. धुराच्या मीटरवर जुन्या ट्रकला 65 पर्यंत सूट होती, बीएस-फोरला 50. तो मुलगा म्हणाला, पीयूसी तर कुठूनही मिळते. मी म्हटलं, कागद मिळतो.

चार दिवसांनी तोच परत आला. अपघातात चेपलेल्या त्याच मॉडेलचं इंजिन त्याने कागदपत्रांसह मिळवलं होतं. मी त्याला पुन्हा पाठवलं: वायरिंग आण, ईसीएम आण, सायलेन्सरवरचे सेन्सर आण. तो कुरकुरत गेला, पण घेऊन आला.

इंजिन एका दिवसात बसलं. डॅशबोर्डवरची बत्ती मात्र विझेना. स्कॅनरवाल्या मुलाला बोलावलं. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसला, मी खाली उभा. माझ्या हातात पाना होता आणि करण्यासारखं काही नव्हतं. बत्ती विझायला चार दिवस लागले.